नेहमीच्या रस्त्यावर नाही

प्रेमिलाच्या पर्समध्ये फोन थरथरला तेव्हा ती इतवारीच्या बाजारात, भांड्यांच्या ओळीत, एका दुकानासमोर उभी होती. समोर पितळी गंगाळं एकावर एक रचलेली होती आणि त्यांच्यावरून एप्रिलचं ऊन असं उसळून येत होतं की डोळे उघडे ठेवणं कठीण. तोंडाला बांधलेल्या स्कार्फच्या आत घाम साचून ओठांवर खारट लागत होता. मागून हातगाडीवाला ओरडला, "बाजू व्हा भाभी, माल लागंल!" ती बाजूला झाली आणि सवयीने फोन काढला. पडद्यावर निळी पट्टी होती. ‘प्रेमिला, तुम्ही नेहमीच्या रस्त्यावर नाही. घरी जायला मदत करू का?’ तिला आधी हसूच आलं. हा कोण मला विचारणारा, असं वाटलं. काहून बाबा, मी कुठंही उभी राहीन, असं ती मनातल्या मनात त्याला म्हणालीसुद्धा. मग त्याला द्यायला म्हणून कारण शोधायला गेली आणि कारण सापडेना. गंजीपेठेतल्या दवा बाजारात ती औषधांचा माल घ्यायला आली होती. माल घेतला होता. पिशवी खांद्यावर होती, पट्टा रुतत होता. तिथून कॉटन मार्केटवरून रहाटे कॉलनी आणि मग खामला, हा तिचा रस्ता. गेली कित्येक वर्षं गाडी आपोआप त्या रस्त्याने जायची. इतवारी त्या रस्त्यावर नव्हतीच. आपण इकडे वळलो असू तर काहीतरी आणायला वळलो असू. पण काय आणायला? ती गंगाळांकडे बघत राहिली. दुकानदार पुढे झाला आणि म्हणाला, "काय दाखवू ताई?" गाडीची किल्ली मुठीत होती, मुठीला घाम आला होता, आणि गाडी कुठे लावली होती तेही समोर येत नव्हतं. फोन पुन्हा थरथरला. ‘तुमची गाडी येथून जवळ आहे.’ खाली एक बाण होता. ती त्या बाणाच्या मागे मागे गेली. बाण वळला की वळली. एका कापडाच्या दुकानाच्या सावलीत तिची गाडी उभी होती, सीटवर तिने स्वतःच टाकलेला रुमाल होता. रुमाल ओळखीचा वाटला. तो टाकल्याचं मात्र आठवेना.

ऊन लागलं असेल. हे पहिलं उत्तर तिला गाडी सुरू करताना सापडलं आणि कॉटन मार्केटपर्यंत ते पुरलं. सकाळी नीट खाल्लं नव्हतं, पाणी प्यायली नव्हती. नागपूरच्या उन्हात चांगली चांगली माणसं भोवळ येऊन पडतात. पण सिग्नलला थांबली तेव्हा त्या उत्तराच्या मागे उभं असलेलं दुसरं काहीतरी तिला दिसलं, आणि सिग्नल हिरवा झाल्यावरही तिची गाडी जागची हलली नाही, मागचे हॉर्न वाजवू लागले. भांड्यांची तीच ओळ. तिच्या लग्नाआधी आई सावनेरहून भांडी घ्यायला आली होती, तेव्हा ह्याच ओळीत हरवली होती. बाबा, मामा आणि ती, तिघंही दुपारभर हाका मारत फिरले. गर्दीत प्रत्येक हिरव्या लुगड्याच्या मागे प्रेमिला धावली आणि प्रत्येक वेळी भलताच चेहरा वळून बघायचा. शेवटी आई एका दुकानाच्या पायरीवर बसलेली सापडली, मांडीवर दुकानातला तांब्या होता आणि ती तो पदराने पुसत होती. दुकानदाराला वाटलं होतं गिऱ्हाईक आहे. आई वर बघून म्हणाली, "मी इथंच तर होती वं. तुमीच हरपले." सगळे हसले. बाबाही हसले. आई तेव्हा पन्नाशीचीसुद्धा नव्हती, आणि पुढची दोन-तीन वर्षं घरात कोणी त्या दिवसाकडे वळून पाहिलंच नाही. आई हुशार होती. नाव आठवलं नाही की "तो, आपला तो" म्हणायची, मीठ दोनदा पडलं की "आज हात भारी झाला" म्हणायची, कोणी काही विचारलं की आधी त्याचा चेहरा वाचायची आणि मग म्हणायची, "हो, हो, माहीत हाय मले." आईला, म्हणजे रुखमाबाईंना, सगळं माहीत असायचं. तिला काहीच माहीत नाही हे कळलं तोपर्यंत ती घरातल्या भिंतींना हात लावून लावून न्हाणीघर शोधत होती.

फोनमधलं ते ॲप दिवाळीत आलं होतं. हैदराबादला नोकरी करणारी वैभवी, एकुलती एक लेक, सुटीवर आली होती आणि सोफ्यावर आडवी पडून आईचा फोन हाताळत तिने ते घातलं होतं. नाव ‘सांगाती’. "आई, हे सगळं एकत्र बघतं," ती म्हणाली होती. "तू कुठं जातेस, किती चालतेस, कधी झोपतेस, कोणाशी बोलतेस, काय मागवतेस. मग आपोआप तुझ्या सोयीचं सुचवतं. तुला काही करायचंच नाही." प्रेमिलाने हो म्हटलं होतं आणि खरंच सोय झाली होती. पाऊस यायचा असला की दुकानातून लवकर निघायला सांगायचं. गोळ्यांची घाऊक ऑर्डर संपत आली की आठवण करायचं. नवरा, जितेंद्र, मौद्याच्या वीज केंद्रातून निघाला की ‘जितेंद्र वाटेत आहेत’ असं यायचं, तेव्हा ती कणीक मळायला घ्यायची. त्याची भाषा जरा पुण्याच्या बाईसारखी होती, शिष्ट, पण गोड. तिला प्रेमिला म्हणणारं आता दुसरं कोणी उरलंच नव्हतं. दुकानात ती मॅडम होती, घरी वैभवीची आई, माहेरी पमी. अंगणातून नावाने हाक मारणारे बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. सकाळी फोन ‘सुप्रभात, प्रेमिला’ म्हणायचा तेव्हा तिला आत कुठेतरी बरं वाटायचं, हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

इतवारीच्या त्या दुपारनंतर तेच नाव तिला बोचू लागलं. घरी आली तेव्हा कूलर चालू होता, वाळ्याचा ओला वास भरला होता, जितेंद्र पायजमा-बनियनवर टीव्हीसमोर बसला होता. तिने पिशवी ठेवली, पाणी प्यायली. तो म्हणाला, "उशीर झाला वं आज." त्यात काही नव्हतं. पण त्याने टीव्हीचा आवाज कमी केला आणि तिच्याकडे पाहिलं, आणि तिला वाटलं तो वाट बघतो आहे, कशाची तरी. "इतवारीत गेली होती," ती म्हणाली, "गंगाळ पाहाले." खोटं किती पटकन आलं ह्याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. "गंगाळ? काहून?" "असंच. वैभवीच्या लग्नात लागंलच ना." तो हसला, मग म्हणाला, "तू ठीक आहेस ना?" "काहून विचारून राहिले तुमी?" तिचा आवाज चढला. तो परत टीव्हीकडे वळला. ती स्वयंपाकघरात गेली, ओट्याला धरून उभी राहिली आणि लक्षात आलं की उत्तर देण्याआधी आपण त्याचा चेहरा वाचला होता.

त्या दिवसापासून तिची फोनशी एक लपाछपी सुरू झाली. तो बघतो आहे हे तिला आधीही माहीत होतं, पण ते मोलकरणीसारखं बघणं वाटायचं, घरातलंच. आता तो काहीतरी जुळवून पाहत होता. सकाळी बागेत फिरायला गेली की तिला वाटायचं, माझं पाऊल हळू पडलं तर ह्याला कळेल. मग ती भरभर चालायची, धाप लागेपर्यंत, गुडघा दुखत असला तरी. दुकानातून घरी जाताना रस्ता बदलायची तिची जुनी सवय होती, कधी भाजीसाठी, कधी उगीच. ती तिने मोडली. रोज तोच रस्ता, तेच वळण. वैभवीला निरोप लिहिताना एकेक अक्षर दाबून बघायची, चुकलं की पुसल्याचंही ह्याला कळत असेल म्हणून आधी मनात वाक्य पूर्ण करायची आणि मगच बोट टेकवायची. वैभवीचं उलट उत्तर आलं, ‘आई, हल्ली किती शुद्ध लिहितेस गं!’ रोज संध्याकाळी वैभवीचा फोन यायला लागला होता, आधी आठवड्यातून एकदा यायचा. "आज काय जेवलीस? भाजी कोणती? काल कोणती केली होतीस?" काल कोणती, हे कोणती मुलगी विचारते? प्रेमिला फोन कानाला लावून डोळे मिटायची, कालचा ओटा समोर आणायची. कढई दिसायची, कढईत काय होतं ते दिसायचं नाही. "वांगं," ती म्हणायची. वांगं कधीही चालून जातं.

फोन मात्र सौम्यच होता आणि त्याच्या सौम्यपणाचीच भीती वाटायची. तो म्हणायचा, ‘काल झोप नीट झाली नाही वाटतं.’ तो म्हणायचा, ‘आज एक शब्दकोडं सोडवायचं का?’ मधूनच अक्रोडांची जाहिरात दाखवायचा, मग बदामांची, मग कुठल्याशा ज्येष्ठांच्या निवासाची, त्यात पांढऱ्या केसांची एक बाई हिरवळीवर बसून हसत होती. प्रेमिला बावन्न वर्षांची होती. तिने असलं काही कधी शोधलं नव्हतं. शोधायची हिंमतच झाली नव्हती. आईच्या आजाराचं नावसुद्धा तिने फोनवर कधी टाइप केलं नव्हतं. मग ह्याला कुठून कळलं? तिने स्वतःची समजूत घातली की बावन्न वर्षांच्या सगळ्याच बायकांना हे अक्रोड दाखवत असतील. मेघाला विचारू, असं ठरवलं. मेघा तिची कॉलेजातली मैत्रीण, दोघी एकाच बाकावर बसून फार्मसी शिकल्या होत्या, खामल्याचं औषधांचं दुकान दोघींच्या भागीत होतं. सकाळी मेघा, दुपारनंतर प्रेमिला. वयाने मेघा दोन महिन्यांनी मोठीच. "मेघा, तुझ्या फोनवर काय काय जाहिराती येतात गं?" मेघा गल्ला लावता लावता म्हणाली, "साड्या. आणि गुडघ्याचा पट्टा. काहून?" "काही नाही," प्रेमिला म्हणाली. साड्या आणि गुडघ्याचा पट्टा.

मग एका दुपारी, दुकानात कोणी नसताना, त्याने सरळ विचारलं. ‘तुमच्या कुटुंबात कोणाला विस्मरणाचा आजार होता का? सांगितलंत तर तुम्हाला अधिक चांगली सोबत देता येईल.’ खाली दोन चौकोन, हो आणि नाही. दुकानातला फ्रीज घरघरत होता. बाहेर डांबर वितळल्यासारखं चमकत होतं आणि रस्त्यावर एक कुत्रं जीभ काढून सावली शोधत होतं. प्रेमिलाने दोन्ही चौकोनांकडे कितीतरी वेळ पाहिलं. आपण जे उत्तर देऊ ते वैभवीपर्यंत जाईल, असं तिला वाटलं. मग कुठल्या तरी कंपनीपर्यंत, विम्यापर्यंत, परवाना देणाऱ्यांपर्यंत, आणि एक दिवस दुकानासमोर कोणीतरी उभं राहून म्हणेल, मॅडम, तुम्ही बाजूला व्हा. तिने ‘नाही’वर बोट ठेवलं. पडदा म्हणाला, ‘धन्यवाद, प्रेमिला.’ दुसऱ्या दिवशी सकाळी सुप्रभातच्या खाली एक फोटो उमटला. ‘जुन्या आठवणी: रुखमाबाईंसोबत.’ आई खिडकीत बसलेली होती, शेवटच्या वर्षातली, ब्लाउज उलटा घातलेला, शिवण बाहेर. बाहेर बघत होती, पण बाहेरचं काही तिच्या डोळ्यांत शिरत नव्हतं. आईच्या कुठल्या तरी पुतण्याने जुना फोटो मोबाइलवर काढून पाठवला होता आणि खाली नाव लिहिलं होतं, तोच हा. योगायोग असेल. फोटो तर रोजच दाखवतो. पण तिला वाटलं, मी काल खोटं बोलले ते ह्याने पकडलं आणि आज आईलाच साक्षीला आणून बसवलं. तिने फोन पालथा घातला. कूलरमध्ये पाणी भरताना पाइप सुटून अर्धी खोली ओली झाली आणि ती त्या पाण्यात तशीच उभी राहिली.

स्वतःपुरती भीती तिने सोसली असती. मंगळवारी दत्तोपंत दुकानात आले आणि भीती दुसऱ्याच्या घरात शिरली. दत्तोपंत देवनगरातले, बँकेतून निवृत्त झालेले, काठी टेकत यायचे आणि औषधापेक्षा गप्पांनाच जास्त वेळ लावायचे. त्यांची बोटं सांधेवाताने वाकडी झाली होती आणि मोठ्या डॉक्टरांनी त्यांना नवी गोळी लिहून दिली होती, पिवळी, बारीक, आठवड्यातून एकदाच घ्यायची. ती गोळी प्रेमिलाला चांगली ठाऊक होती. रोज घेतली तर ती आतून माणूस पोखरते. तोंड सोलवटतं, रक्त घटत जातं, आणि कळेपर्यंत उशीर झालेला असतो. कॉलेजात सरांनी ती गोळी हातात धरून सांगितलं होतं, ह्या एका गोळीबद्दल तुम्ही गिऱ्हाइकाला दोनदा सांगायचं, तिसऱ्यांदा त्याच्याकडून वदवून घ्यायचं. मंगळवारी तिने गोळ्या दिल्या, पाकिटावर लिहिलं, दत्तोपंत त्यांच्या नातवाच्या परदेशी जाण्याबद्दल बोलत होते, ती हसत होती. एवढं तिला आठवत होतं. बुधवारी दुपारी ती एकटी काउंटरमागे बसली असताना, एका बाईला खोकल्याचं औषध देऊन सुटे पैसे मोजत असताना, अचानक तिच्या हातातली नाणी थांबली. पाकिटावर काय लिहिलं मी? रविवारी, की रोज? बोटांना लिहिल्याची हालचाल आठवत होती, पेनाची निळी शाई आठवत होती, पहिलं अक्षर र होतं हेसुद्धा आठवत होतं. दोन्ही शब्द र नेच सुरू होतात. पुढे काहीच नव्हतं. आपण त्यांना तोंडी सांगितलं होतं का? नातू आठवला, विमानतळ आठवलं, सांगितलेलं आठवेना. सकाळ आठवून बघावी म्हणून तिने सकाळ समोर आणली, स्वतःवर विश्वास बसावा म्हणून. कूलरमध्ये पाणी भरलं, जितेंद्रला डबा दिला, गाडी काढली, आणि मग एकदम दुकान. मधलं सगळं पुसून लख्ख केलेल्या ताटासारखं गुळगुळीत होतं.

दत्तोपंतांना फोन लावावा म्हणून तिने मोबाइल उचलला आणि तो हातातच थरथरला. निळी पट्टी आली. तिने वाचली नाही. आत्ता ह्याने काहीही सांगितलं तरी ते मला ऐकायचं नाही, असं तिला इतकं तीव्रतेने वाटलं की तिने फोन ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवर बंद केला. दुकानाचं शटर अर्धं ओढलं, शेजारच्या झेरॉक्सवाल्याला "जरा ध्यान ठेवा" म्हणून सांगितलं आणि गाडी काढली. स्कार्फ बांधायचा राहिला. गरम वारा तोंडावर भट्टीसारखा येत होता. देवनगर काही लांब नव्हतं, तरी प्रत्येक वळणावर ती मनाशी म्हणत होती, इथून डावीकडे, बरोबर, इथून डावीकडेच, आणि प्रत्येक वेळी रस्ता बरोबर निघाला की डोळ्यांत पाणी यायचं. काल एक गोळी. आज सकाळी दुसरी. दोन गोळ्यांनी काही होत नाही. होतं का? म्हाताऱ्या माणसाला होतं. काठी टेकत येणारे, नातवाचं सांगणारे दत्तोपंत, त्यांच्या तोंडाच्या आत फोड, त्यांची बायको यमुताई दवाखान्याच्या बाकावर, आणि पाकिटावर माझं अक्षर. माझंच अक्षर, वळणदार, शाळेत बक्षीस मिळालेलं. तिला एकदम आईचा राग आला, इतका की दात आवळले गेले; रक्तातून हेच द्यायचं होतं तुले मले?

दार यमुताईंनी उघडलं. आत पडदे ओढलेले होते, अंधारा गारवा होता, कैरीच्या पन्ह्याचा वास येत होता. दत्तोपंत आरामखुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. जिवंत, चष्मा कपाळावर. "या मॅडम," ते म्हणाले आणि उठायला लागले. "बसा, बसा काका," प्रेमिलाला श्वास लागला होता, "ती पिवळी गोळी, काल दिली ती. पाकीट कुठं आहे? किती घेतल्या तुम्ही?" दत्तोपंतांनी यमुताईंकडे पाहिलं. यमुताई आत गेल्या आणि पाकीट घेऊन आल्या. प्रेमिलाने ते हातातून जवळजवळ ओढून घेतलं. ‘रविवारीच, एक.’ तिच्याच अक्षरात, स्वच्छ, ठळक, खाली जाड रेघ. गोळ्या सगळ्या जागच्या जागी होत्या. ती तिथल्या दिवाणावर बसली आणि हसू लागली, हसताना रडू येत होतं. "मी उगीच घाबरली," ती म्हणाली. "मले वाटलं मी चुकीचं लिहिलं. आता बरं वाटलं, फार बरं वाटलं." पण समोरचे दोघं हसत नव्हते. यमुताईंनी पन्ह्याचा पेला तिच्यापुढे धरला आणि त्या तिच्या शेजारी बसल्या, अगदी जवळ, जसं सांत्वनाला आलेल्या बायका बसतात.

दत्तोपंतांनी वर्तमानपत्राची घडी घातली. ती पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "मॅडम," ते म्हणाले, "तुम्ही सकाळी आला होतात ना. हेच विचारायला. ह्याच दिवाणावर बसला होतात. मी पाकीट दाखवलं, तुम्ही वाचलं, चहा घेतलात आणि गेलात." पन्ह्याचा पेला प्रेमिलाच्या ओठांजवळ होता. वेलचीचा वास नाकात गेला आणि तिथेच थांबला. तिने खोलीकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे, कोपऱ्यातल्या देव्हाऱ्याकडे, फुलाफुलांच्या त्या दिवाणाच्या चादरीकडे, ओळखीचं काही सापडतं का म्हणून. चादर नवी होती. आयुष्यात पहिल्यांदा पाहत असल्यासारखी नवी. यमुताई हळूच म्हणाल्या, "सकाळीही तुम्ही स्कार्फ बांधलेला नव्हता. मी म्हटलंसुद्धा, ऊन लागेल." तिच्या तोंडात वाक्य तयार होतं. हो ना, मी मुद्दामच परत आले, खात्री करायला, असं. ते अगदी जिभेवर आलं, हसऱ्या चेहऱ्यासकट आलं, आणि ते म्हटलं असतं तर दोघांनीही ते खरं मानलं असतं, मानायला ते तयारच होते. ती उठली असती, गाडी काढली असती आणि संध्याकाळी कदाचित तिसऱ्यांदा आली असती. तिने पेला खाली ठेवला. पन्हं हातावर आणि चादरीवर सांडलं. "नाही," ती म्हणाली. "मले आठवत नाही. मी सकाळी इथं आली होती, हे मले आठवतच नाही काका." तो आवाज तिला स्वतःचा वाटला नाही. लहान मुलीचा वाटला. यमुताईंनी तिचा ओला हात आपल्या पदरात घेतला आणि कोरडा केला. बाहेर कुल्फीवाल्याची घंटी वाजत गेली, लांब गेली, आणि त्या सगळ्या वेळात ती एवढंच करत होती, ही घंटी लक्षात ठेवत होती, ही, हा पदर, हा वास, हे विसरायचं नाही.

जितेंद्रचा नंबर तिने पाठ म्हणून दाखवला, अडखळली नाही. दत्तोपंतांनी फोन लावला. मौद्याहून यायला त्याला वेळ लागणार हे ठाऊक होतं, पण तो लगेच आला. त्या दिवशी तो कामावर गेलाच नव्हता, खामल्यातच एका ओळखीच्याच्या दुकानात बसून होता. बरेच दिवस तो असा आठवड्यातून एखाद-दुसरी दुपार बसत असे, तिच्या दुकानाच्या समोर, तिला दिसणार नाही असा. हे त्याने दत्तोपंतांच्या जिन्यात सांगितलं, पायऱ्यांवर थांबून, तिच्याकडे न बघता. वैभवीच्या फोनवर सगळं येत होतं, इतवारीसुद्धा, आजची सकाळसुद्धा. घरातलं कोणी जोडून घेतलं की ॲप त्यालाही कळवतं. वैभवीने ते जितेंद्रला सांगितलं होतं. मेघालाही सांगितलं होतं. मेघा गेले काही आठवडे रोज सकाळी प्रेमिलाने आदल्या दिवशी दिलेलं प्रत्येक औषध परत तपासून बघत होती. "म्हणजे सगळ्यांले माहीत होतं," प्रेमिला म्हणाली. "मलेच तेवढं नाही." "तुले भीती वाटंल म्हणून नाही सांगितलं वं." "भीती तर मले वाटूनच राहिली होती," ती म्हणाली. "एकटीले." जितेंद्रचा हात कठड्यावर होता. तो काही बोलायला गेला आणि त्याचा चेहरा असा वाकडा झाला की तिने पहिल्यांदाच पाहिलं, हा माणूस आपल्यापेक्षा जास्त घाबरलेला आहे. रोज टीव्हीचा आवाज कमी करून तो तिच्याकडे बघायचा तेव्हाही घाबरलेलाच होता. ती एक पायरी खाली उतरली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. डॉक्टरांकडे जायचं ठरलं. उद्या नाही, आजच वेळ घ्यायची. काहीही असू शकतं, जितेंद्र म्हणाला, थायरॉइड असेल, जीवनसत्त्व कमी असेल, झोप नाही तुले. ती हो म्हणाली. औषधं तिला त्याच्यापेक्षा जास्त कळत होती.

आधी दुकानात चला, असं तिने सांगितलं. जितेंद्रने कळवल्यावर मेघा येऊन थांबली होती, डोळे लाल होते, काउंटरच्या आत उभी राहून ती उगीच बाटल्या सरळ करत होती. प्रेमिलाने पांढरा कोट काढला, खुंटीला अडकवला आणि काउंटरच्या बाहेर, गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर येऊन बसली. तिथून दुकान वेगळंच दिसत होतं, खोल, उंच, सगळी नावं उलट बाजूने आल्यासारखी. तेवढ्यात कडेवर मूल घेतलेली एक बाई आली. मुलाला ताप होता, डोळे जड झाले होते, तिने चिठ्ठी सरळ प्रेमिलाच्या हातात दिली. "मॅडम, तुमीच द्या. मागच्या वेळी तुमच्याच औषधानं उतरला होता." प्रेमिलाने चिठ्ठी वाचली. औषध डावीकडून दुसऱ्या फळीवर होतं, निळ्या खोक्यात, मात्रा वजनावर, सगळं तिला लख्ख दिसत होतं, कुठेही धूसर नव्हतं. पुसून गेलेली सकाळही अशीच लख्ख होती. तिने मुलाच्या कपाळावर हात ठेवला. ते तापलेलं होतं, एवढं नक्की.

"मेघा," तिने हाक मारली आणि चिठ्ठी आत सरकवली. "हे तू दे."